थकवा येण्याआधीची विश्रांती

वाचकाचे पत्र (संक्षिप्त): मी ३८ वर्षांची असून अकोल्यात एका राष्ट्रीयीकृत बँकेत अधिकारी आहे. तीन वर्षांपूर्वी उजव्या डोळ्याने अंधूक दिसू लागले, एमआरआय झाला आणि मल्टिपल स्क्लेरोसिसचे निदान झाले. औषधे नियमित चालू आहेत, नंतर मोठा रिलॅप्स (आजार पुन्हा उफाळणे) आलेला नाही, चालण्याफिरण्याची अडचण नाही. पण थकव्याने मी हैराण झाले आहे. दुपारी दोननंतर आकडे दिसतात, पण डोक्यात शिरत नाहीत. संध्याकाळी घरी आल्यावर हात उचलवत नाहीत. ज्या दिवशी बरे वाटते त्या दिवशी साठलेली सगळी कामे उरकते आणि पुढचे दोन दिवस अंथरुणावरून उठवत नाही. गेल्या वर्षी महालक्ष्म्यांचा स्वयंपाक करताना ओट्याशीच खाली बसले. सासूबाई प्रेमळ आहेत, पण ‘दिसतेस तर चांगली, आम्हीही दमायचोच की’ असे म्हणतात. यजमान काही बोलत नाहीत, तरी त्यांनाही हा आळस वाटत असेल का, ही शंका मनातून जात नाही. एका ओळखीच्या बाईंनी मोडाफिनिल नावाची गोळी सुचवली आहे. ती घ्यावी का? व्यायाम करावा की टाळावा? मे महिन्यात नागपूरला भाचीचे लग्न आहे, तिथे कशी जाऊ?

सप्रेम नमस्कार,

तुम्ही शेवटी शेवटी आणि जरा संकोचाने विचारलेल्या शंकेचे उत्तर मी आधी देते, कारण बाकीचे सगळे त्यावर उभे आहे. हा आळस नाही. मल्टिपल स्क्लेरोसिस असलेल्या सुमारे ८० टक्के व्यक्तींना असा थकवा जाणवतो, आणि नोकरी सोडावी लागण्याच्या प्रमुख कारणांत त्याची गणना होते. या आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणा मेंदू आणि मज्जारज्जूतील मज्जातंतूंवरच्या मायेलिन या आवरणाला इजा करते. आवरण विरळ झालेल्या तंतूमधून संदेश रेंगाळत जातो, कधी वाटेतच अडतो, आणि तेच साधे काम पार पाडण्यासाठी मेंदूला नेहमीपेक्षा अधिक भाग कामाला लावावे लागतात, असे मेंदूच्या कार्याचे चित्रण करणाऱ्या तपासण्यांत दिसून आले आहे. म्हणजे तुम्ही काउंटरवर शांत बसून एक व्हाउचर तपासत असता, तेव्हाही तुमचा मेंदू शेजारच्या सहकाऱ्यापेक्षा जास्त राबत असतो. शिवाय हा थकवा चालण्यातील अडचणीच्या प्रमाणात कमीजास्त होत नाही; जिन्यावरून सहज उतरणारी व्यक्तीही त्याने पार गळून जाऊ शकते. ‘दिसतेस तर चांगली’ हे सासूबाईंचे निरीक्षण म्हणूनच खरे आहे, पण त्यातून त्या काढतात तो निष्कर्ष चुकीचा आहे.

तरीही सगळा थकवा या आजाराच्या नावावर टाकून मोकळे होऊ नका. ऑक्युपेशनल थेरपिस्ट (आजारातही रोजची कामे जमवायला शिकवणारी तज्ज्ञ) म्हणून काम करताना मला वारंवार असे दिसते, की एकदा निदानाचा शिक्का बसला की रुग्ण, घरचे आणि कधी कधी डॉक्टरही इतर कारणे शोधायचे थांबतात. हिमोग्लोबिन, जीवनसत्त्व ब-१२, थायरॉइड, साखर आणि ड जीवनसत्त्व या तपासण्या अलीकडे झाल्या नसतील तर न्यूरॉलॉजिस्टना विचारून करून घ्या. तुम्ही शाकाहारी असाल तर ब-१२ कडे विशेष लक्ष द्या, कारण त्याची कमतरता स्वतःच थकवा आणि मुंग्या आणते. झोपेबद्दल तुम्ही पत्रात काहीच लिहिलेले नाही, आणि मला ती जागा रिकामी वाटली. रात्रीतून किती वेळा लघवीला उठावे लागते, पायांत गोळे येतात का, पाय सतत हलवावेसे वाटतात का, घोरणे वाढले आहे का, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगायला हवे, कारण या प्रत्येकावर उपाय आहे, आणि रात्र सुधारली की दिवसाचा थकवा बराच हलका होतो. लघवीच्या धास्तीने दिवसभर पाणी कमी पिऊ नका. झोपण्याआधीचे दोन तास तेवढे आवरते घ्या. स्नायूंचा ताठरपणा कमी करणारी बॅक्लोफेन किंवा टिझॅनिडिन, वेदनेसाठीची गॅबापेंटिन किंवा प्रिगॅबालिन ही औषधे गुंगी आणू शकतात. त्यांची वेळ किंवा मात्रा बदलता येते, पण ते काम डॉक्टरांचे आहे. बॅक्लोफेन तर एकाएकी बंद करणे धोक्याचे ठरते. इंटरफेरॉनची इंजेक्शने चालू असतील आणि दुसऱ्या दिवशी कणकण वाटत असेल, तर इंजेक्शन कोणत्या दिवशी आणि कोणत्या वेळी घ्यावे हेही विचारा. मन सतत खिन्न राहत असेल, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतही रस वाटत नसेल, तर तेही तितक्याच मोकळेपणाने सांगा. या आजारात नैराश्य वारंवार आढळते, ते थकवा वाढवते आणि उपचारांनी बरे होते.

आता तुमच्या पत्रातील मला सर्वांत महत्त्वाच्या वाटलेल्या वाक्याकडे येते. बरे वाटते त्या दिवशी तुम्ही साठलेली सगळी कामे उरकता. ‘बरं वाटतंय तोवर उरकून घेऊ’ हे आपल्याकडे बायकांच्या तोंडी इतके रुळलेले आहे, की त्यात काही गैर असेल असे कोणालाच वाटत नाही. निरोगी माणसाचे त्याने बिघडतही नाही, कारण रात्रीच्या झोपेनंतर ते पुन्हा उभे राहते. तुमच्या आजारात मात्र एका दिवसाच्या अतिश्रमाची भरपाई दोन किंवा तीन दिवसांनी करावी लागते, तेवढ्यात पुन्हा कामे साठतात, आणि पुढचा बरा दिवस उगवला की तोही त्याच खाईत जातो. हे चक्र मोडणे हा थकव्याच्या व्यवस्थापनाचा गाभा आहे, आणि त्यासाठी विश्रांती थकल्यावर नव्हे, थकण्याआधी घ्यावी लागते. ऐकायला हे सोपे वाटते, पण अंगात ताकद असताना थांबणे फार अवघड असते, विशेषतः ज्या घरात बसलेली सून डोळ्यांवर येते तिथे.

त्याची सुरुवात एका साध्या वहीपासून करा. दोन आठवडे, दर दोन तासांनी, काय केले, थकवा शून्य ते दहापैकी किती, आणि त्या वेळी उकाडा होता का, एवढेच लिहा. आदल्या रात्रीची झोपही नोंदवा. बौद्धिक कामाचीही नोंद करा. गोंगाटात ग्राहकांशी बोलत आकडेमोड करणे हे पोळ्या लाटण्याइतकेच श्रमाचे असू शकते. दोन आठवड्यांनी तुम्हाला दिसेल, की थकवा वाटतो तितका बेभरवशाचा नाही. तुमचा थकवा दुपारी दोनला चढत असेल, तर विश्रांतीची वेळ दीडची आहे, अडीचची नाही. वीस मिनिटे पाठ टेकून, डोळे मिटून, मोबाइल दूर ठेवून पडा. झोप लागलीच पाहिजे असे नाही. बरे वाटत असलेल्या दिवशीही ही वीस मिनिटे सोडू नका, त्या दिवशी तर मुळीच नाही. कामाचा तुकडा किती मोठा घ्यायचा हेही वहीच सांगेल: चाळीस मिनिटांनी थकवा चढतो असे दिसले, तर तिसाव्या मिनिटाला थांबायचे, काम हातात तसेच राहिले तरी.

स्वयंपाकघराबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण आपल्या घरांतील सर्वांत उष्ण खोली तीच असते आणि तिथले काम उभ्याने होते. भाजी निवडणे, चिरणे, कणीक मळणे, पोळ्या लाटणे यांतले एकही काम उभ्यानेच केले पाहिजे असे नाही. जेवणाच्या टेबलावर पोळपाट ठेवून बसून लाटा आणि भाजायला दुसरे कोणी असू द्या, किंवा ओट्याला साजेशा उंचीचा, पाठ असलेला स्टूल करून घ्या. गॅसजवळचे काम सकाळी गारव्यात आटोपा. आठवड्यातून काही दिवस पोळी-भाजी केंद्रातून पोळ्या आणल्या तर घराची अब्रू जात नाही. त्या वाचलेल्या तासात तुम्ही मुलांजवळ बसू शकता, यजमानांशी धड बोलू शकता, आणि माझ्या मते घरासाठी ते पोळ्यांपेक्षा मोलाचे आहे. आंघोळीला कढत पाणी घेऊ नका. कोमट किंवा गार पाणी घ्या, न्हाणीघरात प्लास्टिकचा स्टूल ठेवून बसून आंघोळ करा, आणि केस धुण्याचा दिवस सुट्टीचा ठेवा.

महालक्ष्म्यांचे तुम्ही लिहिले आहे, म्हणून सांगते. सोळा भाज्या, पुरणपोळी, कढी, वडे, पंचामृत आणि सवाष्णींची पंगत असा तो स्वयंपाक कोणाही एकीचा नाही. एकत्र कुटुंबांतून तो पाच-सहा हातांनी होत असे. हात कमी झाले आणि पदार्थ तितकेच राहिले, तिथे चूक आहे. यंदा महिनाभर आधी सासूबाईंशी बसून ठरवा, की कोणते पदार्थ घरी होतील, कोणते सांगून करवून घ्यायचे आणि पूजेत तुमचा वाटा कोणता. तुमचा वाटा असा निवडा जो बसून होतो आणि तुम्हाला आनंद देतो, मग ते साड्या नेसवणे आणि मुखवट्यांची सजावट असो किंवा नैवेद्याचे ताट वाढणे असो. निर्जळ उपास मात्र करू नका. हरतालिका असो वा एकादशी, पाणी न पिता राहिल्याने शरीर तापते आणि तुमचा थकवा दुणावतो. आजारी माणसाने फळे-दूध-पाणी घेऊन व्रत केले तर कोणत्याही जाणत्या वडीलधाऱ्यांना त्यात वावगे वाटत नाही.

उष्णतेचा विषय तुमच्यासाठी वेगळा काढायला हवा, कारण तुम्ही अकोल्यात राहता, जिथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. शरीराचे तापमान अर्ध्या अंशाने वाढले तरी या आजारातील लक्षणे उफाळू शकतात. विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञांनी १८९० मध्ये श्रमानंतर दृष्टी तात्पुरती अंधूक होत असल्याचे नोंदवले आणि हा परिणाम त्यांच्याच नावाने ओळखला जातो. आवरण गमावलेल्या तंतूंतून संदेश कसाबसा जात असतो. तापमान वाढले की तेवढेही वहन थांबते. दृष्टी पुन्हा अंधूक होईल, पाय जड होतील, पण अंग गार झाले की हे सारे ओसरते आणि त्याने मज्जातंतूंची नवी हानी होत नाही. हे ठाऊक असले की निम्मी भीती जाते. याउलट, ताप किंवा जंतुसंसर्ग नसताना नवे लक्षण २४ तासांहून अधिक टिकले, तर तो रिलॅप्स असू शकतो आणि डॉक्टरांना लगेच कळवायला हवे. थकवा अचानक फार वाढला तर लघवीची तपासणीही करून घ्या; या आजारात मूत्रमार्गाचा संसर्ग जळजळ न होताही असू शकतो.

विदर्भाची हवा कोरडी असते, ही तुमच्या बाजूची गोष्ट आहे. ओला पंचा मानेभोवती गुंडाळला की पाणी झपाट्याने उडते आणि अंग गार होते. वाळ्याच्या ताट्यांचा कूलरही तिथे उत्तम चालतो. मुंबईत किंवा कोकणात राहणाऱ्या वाचकांनी मात्र याच्या भरवशावर राहू नये, कारण दमट हवेत पाणी उडत नाही. त्यांना एसी, बर्फाच्या पिशव्या किंवा गार पाण्याने अंग पुसून पंख्याखाली बसणे अधिक उपयोगी पडते. बाहेर पडण्यापूर्वी आधीच अंग गार करून घ्या: गार पाण्याने आंघोळ, मनगटे आणि मान ओली, बरोबर थंड पाण्याची बाटली. आणखी एक सावधगिरीची सूचना. अंग मोकळे होईल म्हणून पुष्कळजण वाफेचे स्नान, पंचकर्मातील स्वेदन (घाम काढणे) किंवा गरम शेक सुचवतात. तुमच्या आजारात त्याने पाय तिथल्या तिथे लुळे पडल्यासारखे होऊ शकतात, त्यामुळे कोणाच्याही आग्रहाला बळी पडू नका.

व्यायाम टाळायचा नाही. पूर्वी या रुग्णांना श्रम वर्ज्य सांगितले जात, आणि तो सल्ला अजूनही कानावर येतो. अमेरिकेतील युटा विद्यापीठात १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १५ आठवड्यांच्या एरोबिक व्यायामाने अशा रुग्णांची क्षमता वाढल्याचे आणि आजार न बिघडल्याचे दिसले; त्यानंतरच्या अनेक अभ्यासांतून नियमित व्यायामाने थकवा कमी होतो हे पुढे आले आहे. आठवड्यातून दोनदा ३० मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम आणि दोनदा स्नायूंच्या बळकटीचा व्यायाम, हे सौम्य ते मध्यम त्रास असलेल्यांसाठीचे उद्दिष्ट आहे. पण ते उद्दिष्ट आहे, पहिला दिवस नव्हे. तुम्ही सकाळी उन्हाआधी दहा मिनिटे चालण्यापासून सुरुवात करा, दुसऱ्या दिवशी अंग मोडून येत नसेल तरच दर आठवड्याला थोडे वाढवा, आणि एकदा फिजिओथेरपिस्टकडून तोल व ताकद तपासून घ्या. योगासने जरूर करा, मात्र तोलाची आसने भिंतीजवळ.

गोळीविषयी मी स्पष्ट लिहिते. ओळखीच्या बाईंच्या सांगण्यावरून मोडाफिनिल, म्हणजे जागे राहायला मदत करणारे औषध, घेऊ नका. अमेरिकेत १४१ रुग्णांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अमँटॅडिन, मोडाफिनिल आणि मिथिलफेनिडेट ही तीनही औषधे आणि औषध नसलेली नकली गोळी आळीपाळीने देण्यात आली. थकवा कमी करण्यात तीनही औषधे नकली गोळीपेक्षा सरस ठरली नाहीत, आणि दुष्परिणाम मात्र त्यांनी अधिक झाले. २०२४ च्या दुसऱ्या एका मोठ्या अभ्यासात फोनवरून दिलेली संज्ञानात्मक वर्तनोपचार पद्धती, मोडाफिनिल, आणि दोन्ही मिळून, अशा तीन गटांत थकवा जवळपास सारखाच कमी झाला, म्हणजे विचार आणि सवयी बदलण्याचे शिक्षण गोळीइतकेच उपयोगी पडले. काही रुग्णांना मोडाफिनिल लागू पडते हे मी नाकारत नाही, पण तो निर्णय तुमचे न्यूरॉलॉजिस्ट तुमची झोप, रक्तदाब आणि इतर औषधे पाहून घेतील. या गोळीमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो, ही गोष्ट तुमच्या वयात ठाऊक असलीच पाहिजे.

बँकेत हे सांगावे की नाही, हा निर्णय सर्वस्वी तुमचा आहे. पण सवलत मागायची तर कायद्याचा आधार आहे हे लक्षात असू द्या. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ दिव्यांगत्वांच्या यादीत मल्टिपल स्क्लेरोसिसचे नाव आहे. त्याच कायद्याच्या कलम २० नुसार शासकीय आस्थापनांनी दिव्यांग कर्मचाऱ्यांना कामाच्या ठिकाणी योग्य त्या सोयी द्यायच्या आहेत, आणि सेवेत असताना दिव्यांगत्व आले म्हणून कोणाला काढता किंवा पदावनत करता येत नाही. राष्ट्रीयीकृत बँका यात मोडतात. तुम्हाला फार काही मागायचेही नाही: एकाग्रतेचे काम सकाळी, ग्राहकांची वर्दळ नसलेली व एसीजवळची जागा, आणि दुपारी वीस मिनिटे आडवे होण्यापुरती एखादी खोली. अर्जात ‘मला थकवा येतो’ एवढेच लिहू नका. वहीतील नोंदींच्या आधारे नेमकी मागणी लिहा आणि न्यूरॉलॉजिस्टचे पत्र जोडा. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी आणि यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचे ओळखपत्र) अर्ज आताच करून ठेवा.

घरच्यांबाबत माझा आग्रह असा आहे, की पुढच्या तपासणीला यजमानांना आणि सासूबाईंना, दोघांनाही बरोबर न्या. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेले वडीलधाऱ्यांना पटते, आणि सुनेलाही स्वतःची बाजू मांडत बसण्याचा थकवा वाचतो. यजमानांच्या मनात काय असेल याचा तर्क करत झुरण्यापेक्षा त्यांना सरळ विचारा. गप्प राहणारी माणसे पुष्कळदा काय करावे हे न कळल्यामुळे गप्प असतात. मग त्यांना ‘मदत करा’ असे मोघम न सांगता दोन-तीन कामे कायमची सोपवा, म्हणजे ती कामे त्यांच्या डोक्यातही राहतील आणि तुम्हाला आठवण करून देण्याचे श्रम उरणार नाहीत. मुंबई आणि पुण्यासह अनेक शहरांत मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडियाच्या शाखा आहेत. हाच आजार असलेल्या एखाद्या बाईशी तुमचे आणि सासूबाईंचे एकदा बोलणे झाले, तर पुष्कळ गोष्टी समजावून सांगाव्याच लागणार नाहीत.

आता भाचीचे लग्न. जरूर जा. मात्र हळद, सीमांतपूजन, मुहूर्त आणि रिसेप्शन या सर्वांना हजेरी लावायची हा बेत सोडा. भाचीलाच विचारा, की मावशी कशाला हवी आहे, आणि त्या एका प्रसंगासाठी ताकद राखून ठेवा. मुहूर्त भर दुपारचा असेल आणि कार्यालयात एसी नसेल, तर संध्याकाळचे रिसेप्शन निवडणे शहाणपणाचे ठरेल. आदल्या दिवशी सकाळच्या गाडीने वातानुकूलित डब्यातून नागपूरला पोहोचा, त्या दिवशी दुसरे काही ठेवू नका, आणि मुक्काम कार्यालयाच्या जवळ घ्या. जड शालू, शेला आणि दागिने यांनी अंग तापते, म्हणून सुती किंवा हलकी रेशमी साडी न्या. कार्यालयात पोहोचल्याबरोबर पडायला कोणती खोली मिळेल आणि तिचा कूलर चालू आहे का, हे तुमच्या यजमानांना पाहून ठेवायला सांगा. परतल्यानंतरच्या दोन दिवसांची रजा मात्र आजच टाका, नाहीतर मार्चअखेरच्या धावपळीत ती राहून जाईल.